अमासा टटलचा उजेड

कनेक्टिकट नदीकाठचा तो अवाढव्य बंदुकांचा कारखाना पेनिमनसाहेबांनी बांधला, असं दारावरच्या पाटीत कोरलंय. साफ झूठ. तो अमासा टटलने बांधला, आणि तेही मनाविरुद्ध. मी त्याच्या शेजारी बंदुकांचे अक्रोडाचे दस्ते तासायचो, म्हणून मला विचारा.

अमासाचं काम बंदुकांच्या नळ्या सरळ करण्याचं. उत्तरेच्या खिडकीत आडवी तार ताणलेली. नळी डोळ्याला लावून तिकडे धरली की आत तारेची सावली पडते. सावली जिथे लचकेल तिथे नळी वाकडी. मग ऐरणीवर एक हलकी टपली. अमासाने पास केलेली बंदूक दिसली की खारी आपण होऊन झाडावरून उतरायच्या. उगाच शिकाऱ्याचा नि आपला वेळ कशाला घालवा!

खारींच्या बंदुकांचं नाव झालं, तशी घोडदळाची मागणी आली. साहेबांनी समोरच्या अंगणात नवी इमारत चढवली. नेमकी खिडकीपुढे.

"क्रेनसाहेब, माझा उजेड गेला," अमासा मुकादमाला म्हणाला.

"मग दिवा घे."

"ज्योत हलते, सावली नाचते. त्यावर काय सरळ करू, कपाळ?"

"बरं बाबा, माडीवर जा. पण कुरकुर नको!"

माडीवर उजेड झकास, त्यामुळे नळ्या आणखी सरळ. लढाई लागली, सरकारने हजारोंनी बंदुका मागितल्या, आणि समोर आणखी मजले चढले. अमासा छपरावर गेला. तिथे त्याने खिडकीची नुसती चौकट रोवली, तार ताणली आणि स्वतःला धुराड्याशी बांधून घेतलं. भर डिसेंबरात मिशीला बर्फ असा लटकायचा की जेवायच्या आधी हातोडीने फोडावा लागे. खोकला मात्र काही केल्या फुटेना.

लढाई संपली. सुटलो म्हणतो तोवर कुठल्याशा सुलतानाची मागणी आली. समोर पुन्हा गवंडी चढले.

त्या दिवशी त्याची बायको लव्हिनिया घेवड्याचं मडकं घेऊन वर आली. मीही होतो, घेवडा तिच्या हातचा होता.

"अहो टटल, एक नळी वाकडी जाऊ द्या की! सुलतान चिडेल, मागणी मोडेल, भिंत थांबेल. याहून उंच चढलात तर हा खोकला तुम्हाला खाईल हो."

"पाप लागेल."

"लागू दे. माझ्या खात्यावर!"

अमासाने एक नळी पाहिली, वाकडीच होती, ती तशीच तयार मालाच्या टोपलीत ठेवली आणि जेवायला बसला. दोन घास खाल्ले. टोपलीकडे पाहिलं. चमचा खाली गेला, हातोडी वर आली. टक्!

"टटल!"

"मी कुठे काय केलं? हातच ऐकत नाही गं." त्याने टोपली माझ्याकडे सरकवली. "तू ने बाबा खाली. आता एक वाकडी घालतो, मी हात लावायच्या आत पळ."

मी जिन्यापर्यंत पोचलो होतो.

"थांब. ती वरची... जरा दे इकडे."

दिली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते थंडीचं, असं तो म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवरून गवंडी ओरडला, "ए टटल! तुझी नजर पक्की. भिंत ओळंब्यात आहे का, बघून सांग ना!"

लव्हिनियाने त्याची बाही धरली. अमासाने ओठ आवळले, मान फिरवली, धुराड्याकडे पाहत राहिला. किती वेळ राहणार?

"डावीकडे केसभर झुकलीय," तो म्हणाला. "वरचे दोन थर काढ आणि पुन्हा घाल."