गाडी लावायला जागा

टाचणी गंजलेली होती, आणि तीन कागदांतून आरपार जाऊन ती शेवटी बाबांच्या फोटोच्या कपाळातच घुसली होती — त्यानं ती काढून जरा खाली, कॉलरपाशी लावली, जणू तिथं कमी दुखेल... चार नंबरच्या खिडकीसमोर बसून बसून पाठीचं लाकूड झालं होतं. मृत्यूचा दाखला, आईचं पासबुक, आईचा फोटो. आईला आता बाबांची निम्मी पेन्शन मिळणार. "निम्मी का रे?" तिनं सकाळी विचारलं होतं. "मी काय निम्मी जेवते?" नऊ तारखेपासून ती खरं तर निम्मीच जेवत होती.

खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले. "नऊला गेले ना? मग या महिन्याची त्यांची पूर्ण मिळेल. आमच्याकडे माणूस महिनाअखेरपर्यंत धरतात. आईंची एक तारखेपासून."

आज चोवीस. म्हणजे कार्यालयाच्या हिशेबानं बाबा अजून सहा दिवस आहेत — आणि हे सवलतीचे दिवस ते कुठं काढत असतील, बहुधा इथंच, रांगेत मध्ये घुसणाऱ्याला शिस्त शिकवत. छत्तीस वर्षांत हक्काची रजासुद्धा न संपवलेला माणूस, आणि आता ही भरपगारी गैरहजेरी... आपण हसलो की काय? शेजारच्या आजोबांनी वळून पाहिलं.

"सहा तारखेलाच तर हयातीचा दाखला दिलाय त्यांनी," बाई म्हणाल्या. "स्वतः येऊन."

सहा तारीख. "आज सोडतोस का मला? जिवंत आहे म्हणून सांगून यायचंय," असं बाबा दारात म्हणाले होते, आणि तो बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता — "उद्या बघू ना. एका दिवसात काय मरताय?" दोघंही हसले होते. विनोद घरातलाच, जुना. मग बाबा एकटेच दोन बस बदलून... आणि संध्याकाळी घरी एक अक्षर नाही.

"मला आठवतायत ते. घामाघूम झालेले. म्हटलं, काका, एकटेच आलात? तर म्हणाले, छे, मुलगाच आणतो दरवेळी, खाली गाडी लावतोय." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हीच ना ते?"

बाबांनी दिलेला खोटा दाखला, त्याच्या नावाचा, आणि सही तेवढी बाकी.

"हो," तो म्हणाला. "जागाच मिळेना."

"इथं मेली मिळतच नाही," म्हणत बाईंनी शिक्का मारला.

आज मात्र जागा ऐन फाटकासमोर मिळाली होती. तो गाडीत बसला, किल्ली फिरवली नाही. शेजारची सीट पुढं सरकलेली होती. ती त्यानं मागे घेतली — बाबांचे गुडघे अडायचे. मागून कुणीतरी हॉर्न दिला, काच खाली करून ओरडला, "निघताय का?"

"नाही हो," तो म्हणाला. "एक जण यायचेत अजून."