इलारियाची डबी

डॉ. शरदचंद्रांचा कुणावरच विश्वास नव्हता. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये तीस वर्षं त्यांनी हृदयरोगी तपासले, पण ‘सिगरेट सोडली’ म्हणणाऱ्या एकाचंही कधी खरं मानलं नाही. रिटायर झाल्यावर हा संशय रिकामाच बसला. मग हाताच्या थरथरीवरच्या गोळ्या फार्मसीवाला कमी देतो, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि त्याच सुमारास सापडली इलारिया.

इलारिया इटलीची तिरंदाज. तरुणपणी तिथल्या राष्ट्रीय संघातून खेळली, पदकं मिळवली, आणि २०११नंतर निकालांच्या यादीतून तिचं नाव एकाएकी गायब झालं. डॉक्टरांनी हे सगळं इंटरनेटवर उकरून काढलं होतं. पुढे ती कॅनडाला आली, इथलीच झाली. नातीच्या तिरंदाजी क्लबमध्ये सहाशे गुणांपैकी जेमतेम पाचशे तीस करायची, ती २०१७च्या हिवाळ्यात पाचशे ऐंशीवर! चाळिशीत हात असा स्थिरावतो होय? शिवाय धनुष्य उचलण्याआधी बाई खिशातून चिमुकली डबी काढायची आणि काहीतरी तोंडात टाकायची.

ते काय असणार हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. थरथर थांबवणारी ती गोळी ते स्वतःच घेत, आणि तिरंदाजीत तिला बंदी आहे. हे त्यांनी गौरांगीलाही जेवताना रंगवून सांगितलं होतं. गौरांगी त्यांची नात, युनिव्हर्सिटीसाठी त्यांच्याकडेच राहणारी. ओंटारिओ प्रांताच्या संघात जागा उरली होती एकच, गौरांगीची नाहीतर इलारियाची. पोरीच्या तोंडचा घास ही बाई लबाडीनं पळवणार? डॉक्टरांनी तिरंदाजी संघटनेला निनावी ईमेल ठोकून दिली: निवड स्पर्धेत चाचणी घ्या.

स्पर्धेच्या सकाळी त्यांना राहवेना. त्यांनी इलारियाला गाठलं आणि डबीकडे बोट दाखवून सरळ विचारलं. ती हसली, डबी पुढे केली. आत काळे, कडक तुकडे. डॉक्टरांनी एक चघळला. चक्क ज्येष्ठमध!

“आजीनं लावलेली सवय,” ती इंग्रजीत म्हणाली. “इटलीत असताना मनात भीती बसली, बोटं दोरी सोडेचनात, म्हणून संघ सुटला. इथे दोन वर्षं पाच पावलांवरून, टार्गेटचा कागदही न लावता, नुसत्या गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारले. आता कुठे दोरी सुटायला लागलीय.”

डॉक्टर मनापासून ओशाळले. स्पर्धा संपली तेव्हा गौरांगी पहिली, इलारिया एका गुणानं दुसरी. पहिल्या दोघींनी चाचणीसाठी थांबावं, अशी घोषणा झाली. इलारिया सुटेल, नात जिंकलीच आहे, कुणाचं काही बिघडलं नाही, अशी मनाची समजूत घालत डॉक्टरांनी गोळी घ्यायला कोटातली बाटली काढली. गेल्या आठवड्यात भरून आणलेली. आत तीनच गोळ्या.

ते फोनवर फार्मसीचा नंबर शोधू लागले आणि मध्येच थांबले. पूर्वी शेवटच्या बाणाला गौरांगीचा हात कापायचा. या सीझनला एकदाही कापला नव्हता. पोरीची जिद्द, असं ते सगळ्यांना कौतुकानं सांगत आले होते.

गौरांगी समोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

“आजोबा, समबडी कम्प्लेन्ड. हू वुड डू दॅट?”

डॉक्टरांना बाटली लपवायची होती, पण हात ऐकेना. तीन गोळ्या आत वाजत राहिल्या. गौरांगीनं बाटलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“मी,” डॉक्टर म्हणाले.