तिसऱ्यांदा भरलेला कप

नऊ वर्षांपूर्वी मला काठमांडूहून एक पत्र आलं होतं. गाईड लोकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचं, एका पानाचं, अगदी नम्र पत्र. ‘त्या दिवशी आपण खिंडीखालच्या लॉजमध्ये होतात असे कळते. पोर्टर हर्कध्वज राई आजारी होता की प्यायलेला होता, हे आपण पाहिले तसे कळवावे.’

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं. अजूनही गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज मीच लिहितो. पण त्या पत्राला उत्तर लिहायला बसलो की दुसऱ्या वाक्यावर अडायचो. मग एखादं पुस्तक उघडायचो आणि दिवस जायचा. पुढेपुढे पत्र समोर दिसू नये म्हणून मी ते शब्दकोशाखाली सरकवलं.

गेल्या आठवड्यात यांजी आली. आमच्या खोऱ्यातली ती पहिली बाई गाईड. त्याच वर्षी समितीनं तिचा परवाना काढून घेतला. पाहुण्यांना वाटेत टाकून गेली, असा ठपका होता. तेव्हापासून ती बटाटे लावते आणि दुसऱ्यांचे याक हाकते. तिनं बुटांचा चिखल उंबऱ्यावर आपटला आणि एक कागद माझ्यापुढे टाकला.

“हे वाचा, मास्तर. आणि मला एक ‘नाही’ लिहून द्या.”

समितीवर नवी माणसं आली होती. परवाना परत द्यायला समिती आता तयार होती. यांजीनं फक्त खालच्या मजकुरावर सही करायची होती : ‘एका मद्यधुंद पोर्टरसाठी मी पाहुण्यांना सोडून गेले, याबद्दल माफी मागते.’

“सही केलीस तर याच हंगामापासून काम मिळेल,” मी म्हणालो.

“मिळेल की. पण हर्के दारुडा होता, असं मी लिहून देऊ? तो तिकडे खाली वेलदोड्याच्या मळ्यात उभा आहे, दोन नातवंडं आहेत त्याला. लिहा, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन. मोठ्या अक्षरात लिहा.”

“अर्जात मोठी अक्षरं शोभत नाहीत.”

“मग लाल शाई घ्या. मुलांच्या वह्या फाटेपर्यंत वापरायचात ना?”

मी पेन उचललं आणि ठेवून दिलं. त्या दिवशीची दुपार मला स्वच्छ आठवत होती. ती आठवत नाही, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो होतो.

खिंडीखालचं लॉज माझ्या धाकट्या बहिणीचं, फुटीचं. मी चुलीजवळ वाचत बसलो होतो. यांजीच्या तुकडीतला हर्कध्वज सगळ्यांच्या आधी पोचला. बाहेरच्या दगडी कट्ट्यावर त्याला ओझं टेकवायचं होतं. त्याचा कट्टा दोनदा चुकला. मला वाटलं, थंडीनं गारठलाय. आत आल्यावर मी त्याला छ्यांग, आमची घरगुती दारू, वाढली. तो नको म्हणाला. आमच्याकडे पाहुणा आधी नको म्हणतोच, आणि यजमानानं तीनदा आग्रह करायचा असतो. मी तीनदा केला. तीन वेळा कप भरला. हर्के राई, खालच्या डोंगरातला. शेर्पांच्या घरात मास्तरांचा हात कसा परतवायचा, हे त्याला सुचलं नसावं. तो प्यायला.

मग यांजी आली. त्याचा चेहरा पाहताच तिनं त्याला जमिनीच्या दोन फळ्यांमधल्या सरळ रेषेवर, पावलापुढे पाऊल ठेवून चालायला लावलं. तो चौथ्या पावलाला माझ्या अंगावर कोसळला. पाहुण्यांना आणणाऱ्या ट्रेकिंग कंपनीच्या माणसानं त्याचं तोंड हुंगलं. “प्यायलाय. पाठवून दे खाली. एकटा जाईल.”

“उंची लागलीय त्याला. एकटा गेला तर वाटेत बसेल,” यांजी म्हणाली, “आणि बसला की उठायचा नाही.”

“उद्या पाहुण्यांना खिंड ओलांडायचीये!”

“खिंड कुठे पळून चाललीय?”

तिनं पाहुण्यांना दुसऱ्या गाईडच्या हवाली केलं, हर्केला पाठीवर घेतलं आणि ती उतरू लागली. मी कोपऱ्यात बसून होतो. छ्यांग मी वाढली, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही.

हे सगळं मी यांजीला सांगितलं. मान वर न करता.

“नऊ वर्षं?” ती म्हणाली. तिनं समितीचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाली, “आजारी असताना प्यायलास कशाला, म्हणून मी त्याला किती बोललेय, मास्तर! तो एवढंच म्हणायचा, घरच्या मोठ्या माणसानं वाढली, नाव सांगायचं नाही.”

“मी समितीला लिहू?”

“मला विचारू नका. सांगून लिहिलेलं मला नको. माझं ‘नाही’ तेवढं द्या.”

ते मी दिलं. मोठ्या अक्षरात.

ती गेल्यावर माझंही उत्तर लिहून झालं. पाऊण तास लागला. लॉजचा उल्लेख येणार म्हणून फुटीला वाचून दाखवलं, तर ती भडकली.

“दादा, त्या कंपनीचे पाहुणे माझ्याकडे उतरतात. जन्मभर गप्प बसलास, आता सत्तरीत तोंड फुटलं तुला?”

“हो.”

“लोक म्हणतील, फुटीच्या घरच्या पाहुणचारानं माणूस मरायला टेकला.”

“वाढणारा मी होतो, हेही म्हणतील. म्हणू देत.”

“लॉजचं नाव तरी त्यातून गाळ.”

“नाही गाळणार.”

मी तिला असं याआधी कधी बोललो नव्हतो. मग बटाट्याची दोन धिरडी फडक्यात बांधून तिनं माझ्या अंगावर जवळजवळ फेकली. “गुडघे दुखले तर मला निरोप पाठवू नकोस.”

गुडघे दुखले. नामचेच्या पोस्टाकडे पायऱ्या उतरताना दोनदा वाटलं, परत फिरावं, एकदा पुन्हा वाचून पाहावं. पाकीट चिकटवलेलं होतं, ते बरं झालं. आत मी लिहिलं होतं :

‘हर्कध्वज राई माझ्या बहिणीच्या, फुटीच्या लॉजच्या दारात आला तेव्हाच त्याचा तोल जात होता. त्यानंतर मी त्याला तीनदा छ्यांग वाढली. तो नको म्हणत होता. यांजी त्याला घेऊन उतरली नसती तर तो मेला असता. तिला माफी मागायला लावू नये. माफी मी मागतो, ती यांजीची आणि हर्कध्वजची. समितीची नाही.’

पोस्टाच्या खिडकीत माझा जुना विद्यार्थी ङिमा होता. पाकिटावरचा संदर्भ वाचून तो हसला.

“नऊ वर्षांपूर्वीच्या पत्राला उत्तर? मास्तर, गृहपाठ उशिरा आणला की तुम्ही आम्हाला वर्गाबाहेर उभं करायचात.”

“मी बाहेरच उभा आहे. शिक्का मार.”

“रजिस्टर करू?”

“कर. आणि पोचपावती माग. मिळालं नाही, असं कुणाला म्हणता येता कामा नये.”

ङिमानं दोन शिक्के मारले आणि पाकीट काठमांडूच्या पोत्यात टाकलं.