चाळिसावा अर्ज

"एकोणचाळीसच आहेत, बाई. चाळीस हवेत," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "पाचला कमिटी सही करणार. नाहीतर निधी गेला म्हणून समजा."

हा निधी म्हणजे शहरात उंच इमारती बांधणाऱ्यांकडून नगरपालिकेने घेतलेल्या शुल्कातला, कमी कमाईच्या कुटुंबांच्या घरांसाठी बाजूला काढलेला पैसा. चाळीस घरांना चाळीस पात्र कुटुंबं, तीही आजच्या आज. एक जरी कमी पडलं तरी सगळा पैसा रस्त्यांच्या डांबरात जायचा. गेल्या वर्षी तसंच झालं होतं आणि बाई आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नव्हत्या.

गृहनिर्माण विभागातल्या या कारकून बाईंना सगळं ऑफिस पाठीमागे डिंकबाई म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. इतर कारकून अर्धवट अर्जावर 'नामंजूर'चा शिक्का मारून मोकळे व्हायचे. बाई तो खालच्या खणात ठेवायच्या आणि अर्जदाराच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. आज खणही रिकामा होता. नोंदवहीत मात्र एका नावापुढे लिहिलं होतं: अर्ज नेला, परत आणला नाही.

"इस्त्रीवाला!" म्हणत बाईंनी पिशवी उचलली. तीन वाजून गेले होते.

बाजारामागच्या एका इमारतीच्या जिन्याखाली तो इस्त्री करायचा. बायकोसह तिथेच राहायचा, हे इमारतीचा मालक सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"अर्ज टाकून दिला," तो वर न बघताच म्हणाला. "सध्या कुठे राहता, असं विचारलंय त्यात. खरं लिहिलं आणि मालकाला कळलं, तर उद्या आम्ही रस्त्यावर. खोटं लिहिलं, तर तुम्हीच धराल."

"धरणारच."

"आणि घर कधी मिळणार?"

"दीड वर्ष तरी लागेल."

"तोवर मालकाला कळणार नाही, असं लिहून देता?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. एकोणचाळीस कुटुंबं डोळ्यांपुढे उभी असताना एक हो म्हणायला काय जात होतं! पण बाईंनी मान हलवली. "नाही देत. चौकशीला माणूस येईल, त्याच्या तोंडाला मी कुलूप लावू शकत नाही. मालकाने काढलंच, तर येईन, तुमच्या बाजूने भांडेन. एवढंच माझ्या हातात आहे."

इस्त्रीवाल्याने पुढचा शर्ट ओढला. तेवढ्यात मागचा पडदा सरला आणि त्याची बायको बाहेर आली. तिच्या हातात चुरगळलेल्या कागदाचा गोळा होता.

"टाकून दिला म्हणे! उशीखाली जपून ठेवलाय मी. बारा वर्षं पाय दुमडून झोपतेय. लिहा हो बाई, काय व्हायचं ते होऊ दे."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ती म्हणते तर लिहा."

बाईंनी गोळा उलगडला आणि कपाळाला हात लावला. अर्जांवर क्रमांक छापलेले, दुसरा मिळायचा नाही. "अहो, आमचं स्कॅनिंगचं मशीन असला कागद घेतच नाही हो!"

"द्या इकडे," इस्त्रीवाला पहिल्यांदाच हसला. त्याने आच कमी केली, कागदावर मलमलीचा तुकडा पसरला आणि रेशमावरून फिरवावी तशी इस्त्री फिरवली. तीनदा उलटून पाहिलं. कोपरासुद्धा दुमडलेला राहू दिला नाही.

मग बाईंनी टेप काढून पडद्यामागची जागा मोजली. लांबी साडेचार फूट, रुंदी चार.

"दार?"

"पडदा लिहा," बायको म्हणाली.

पाचला सात मिनिटं कमी असताना बाई धापा टाकत ऑफिसात शिरल्या. मशीनने अर्ज एका दमात ओढून घेतला.

"कोरा करकरीत! हा कुठून पैदा केलात?" साहेबांनी विचारलं.

"इस्त्री करून आणलाय, साहेब."

त्यांना ती थट्टा वाटली. ते हसतच कागद घेऊन कमिटीकडे गेले आणि सव्वापाचला सह्या घेऊन परत आले. बाईंना रडू आलं, ते त्यांनी पाण्याच्या ग्लासाआड लपवलं.

सगळे घरी गेल्यावर त्या भिंतीवरच्या नव्या घरांच्या नकाशापुढे उभ्या राहिल्या. एक चौकोन म्हणजे एक फूट. झोपायची खोली नऊ चौकोन लांब होती. इस्त्रीवाल्याच्या बायकोच्या उंचीचे पाच चौकोन बोटाने मोजले. पायांच्या पुढे अजून चार उरले होते.