व्हय म्हाराजा

"मॅडम, फॉर्ममध्ये काय टाकू? मॅरिड, डिव्होर्स्ड की सेपरेटेड?" मुलुंडच्या भाड्याच्या खोलीचा एजंट अल्पेश सकाळपासून तिसऱ्यांदा फोन करून विचारत होता. सोसायटीला माहिती हवी होती म्हणे. मी म्हटलं, टेम्पो आला की सांगते. जसा काही टेम्पोवालाच उत्तर घेऊन येणार होता.

खरं सांगायचं तर मलाच कळत नव्हतं. कोर्टात अजून कागद गेलेला नाही, म्हणजे घटस्फोट नाही. माझी बहीण फोनवर 'सुटका' म्हणते. पण सुटायला मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. सासूबाईंनी चारकोपच्या आमच्या लायनीतल्या सगळ्या घरांत 'कल्पिता थोडे दिवस कामासाठी तिकडे राहणार' असं सांगून ठेवलंय. गावच्या काकूंनी सरळ 'काडीमोड' म्हणून टाकलं. सर्वेश, म्हणजे माझा नवरा, 'ब्रेक' म्हणतो. 'विभक्त' म्हटलं की मला रेशनकार्डच आठवतं. 'ताटातूट' म्हणावं तर ती रडणाऱ्यांची, आणि मी रडत नव्हते, चिडले होते.

चिडण्याचं कारण एवढंसं होतं, पोस्टाच्या लिफाफ्याएवढं. सव्वादोन वर्षांपूर्वी मला ट्रॉम्ब्याच्या एका प्रयोगशाळेतून मुलाखतीचं पत्र आलं होतं. ते मला सापडलं तीन महिन्यांनी, कपाटात सर्वेशच्या शर्टांच्या घडीखाली. तारीख कधीच उलटून गेली होती. "विसरलो गं," तो म्हणाला, आणि दोन वर्षं तेच म्हणत राहिला. विसरलेलं पत्र टेबलावर राहतं, टीव्हीवर राहतं, शर्टांच्या घडीखाली जात नाही. मला ती नोकरी आता नकोच होती, मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला काम मिळालं होतं. मला फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, की हो, मी लपवलं. तेवढं त्यानं म्हटलं असतं तर मी बॅग भरली असती का, ठाऊक नाही. पण त्यानं ते म्हटलं नाही आणि मी बॅग भरली.

टेम्पो यायला अर्धा तास होता, तेवढ्यात सासऱ्यांनी देवासमोर पाट मांडला. धोंडिराम हे त्यांचं नाव, आम्ही बाबा म्हणतो. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी नाना कामं केली, पण गावची एक गोष्ट सोडली नाही: घरात काहीही व्हायचं असेल तर आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं. फ्रीज आला तेव्हा घातलं, सर्वेशची बाईक विकली तेव्हाही घातलं. ते एकेक वाक्य मालवणीत बोलतात आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू आवरायचं नाही. आता अकरा वर्षांत माझंही तोंड आपोआप उघडतं. एकदा बाबा मध्येच पुटपुटले, "गॅस बंद केलास काय नाय कोण जाणा," तर त्यालाही आम्ही तिघांनी हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं.

"बाबा, याचं पण गाऱ्हाणं?" सर्वेश वैतागला.

"घरातला माणूस भायर जाता हा. देवाक सांगूक नको?"

आम्ही तिघं मागे उभे राहिलो. सासूबाई मधे, मी आणि सर्वेश दोन्ही बाजूंना. बाबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तुज्या पायाकडे नारळ ठेवलेलो असा."

"व्हय म्हाराजा."

"आमची सून कल्पिता आज ह्या घरासून..." आणि बाबा अडले. मान वळवून त्यांनी मला विचारलं, "काय सांगू गो? वेगळी ऱ्हवता म्हणू, की फारकत म्हणू?"

"कामासाठी जाते म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

"ब्रेक," सर्वेश म्हणाला.

"देवाक इंग्लिश कळणा नाय," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "मला नाही माहीत, बाबा."

बाबा पुन्हा देवाकडे वळले.

"आमची सून जाता हा, आणि तेका काय म्हणूचा ता आमका कोणाक म्हायत नाय."

"व्हय म्हाराजा."

"तिका नोकरीचो कागद इलो होतो."

"व्हय म्हाराजा."

"तो माज्या झिलान, सर्वेशान, कपाटात लपयल्यान. तो इसराक नाय."

"व्हय म्हाराजा," सासूबाई म्हणाल्या. मी म्हणाले. आणि सर्वेशही म्हणाला, मी स्पष्ट ऐकलं.

"ता मी बघलेला, आणि मी तोंड उघडूक नाय. चुकला आमचा."

या वेळी कुणीच काही म्हटलं नाही. बाबा थांबले, वाट बघितली, आणि मग त्यांनी एकट्यानंच 'व्हय म्हाराजा' म्हटलं. "ती जाय थंय तिका सांभाळ," एवढं घाईघाईनं बोलून त्यांनी नारळ फोडला. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. दोन वर्षं जे ऐकण्यासाठी अडून बसले होते ते ऐकलं होतं, आणि आनंद म्हणावा तर तो कुठेच नव्हता. नुसता गोंधळ. बाबांवर रागवावं की त्यांच्या पाया पडावं, तेही सुचेना.

टेम्पो आला. सर्वेशनं न सांगता माझी बॅग उचलली आणि आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. मला राहवेना.

"तू व्हय म्हणालास ते सवयीनं, की खरं?"

त्यानं बॅगेचा पट्टा सरळ केला. "सवयीनंच निघालं," तो म्हणाला, "पण निघाल्यावर मला परत घ्यावंसं वाटलं नाही."

तेवढ्यात अल्पेशचा फोन आला. टेम्पोचं इंजिन चालूच होतं, म्हणून मी स्पीकर लावला.

"मॅडम, सोसायटीवाले बसलेत. मग सेपरेटेड टाकतो ना?"

"व्हय," मी म्हटलं.

सर्वेशनं बॅग खाली ठेवली. "सवयीनं," त्यानं हळूच विचारलं, "की खरं?"

फोनमधून अल्पेश म्हणाला, "टाकलं, मॅडम."