बादलीतले चणे

म्हाताऱ्याने घोडीच्या बादलीतले मूठभर भिजवलेले चणे तोंडात टाकले, तेव्हा त्याची सून मागेच उभी होती.

"बाबा, घरात नाश्ता ठेवलाय की."

"चव बघतोय. काय काय घालतेस गं यात?"

"चणे. आणि पाणी."

म्हाताऱ्याचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. त्याचा उभा जन्म तबेल्यात गेला होता. या घोडीची आई मेली तेव्हा बाटलीने दूध पाजून त्यानेच तिला वाढवलं. पाठीवर खोगीर घालायची वेळ आली तेव्हा दोर आणि चाबूक घेऊन वठणीवर आणायलाही तोच गेला. वठणीवर यायचं सोडून घोडीने त्याच्या खांद्याचा लचका तोडला. तेव्हापासून तो दिसला की ती पार पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटायची. याचं दुःख चावण्यापेक्षा मोठं होतं.

आणि सून काय करायची, तर कुंपणात पाठमोरी बसून राहायची! घोडीने एक पाऊल पुढे टाकलं की ही उठून एक पाऊल लांब जाऊन बसायची. एवढ्यावर घोडी माणसाळली? कुठेतरी पाणी मुरत होतं. खाण्यात औषध असणार. उद्या मालकाची नात पहिल्यांदा तिच्यावर बसणार होती. औषध उतरलं आणि घोडी उधळली तर? पोरीचे अजून दुधाचे दात पडायचे होते.

"हे सगळे मीच खातो," म्हातारा म्हणाला. "मला गुंगी आली, तर समजायचं ते समजेन."

"जेवल्यावर तुम्हाला रोजच येते."

"मालकाला सांगेन हं. सून म्हणून गय करणार नाही."

"सांगा की."

ती चिडली नाही, हे तर त्याला आणखीच खटकलं. त्याने बादली पार तळापर्यंत चाटूनपुसून रिकामी केली, तीच कुंपणात पालथी घातली आणि भिंतीला टेकून तिच्यावर बसला. घोडी लगेच पलीकडे गेली. तो तिच्यावर नजर रोखून बसला. ऊन उबदार होतं. पोट भरलं होतं.

मांडीवर उघड्या पडलेल्या तळहाताला काहीतरी ऊन, ओलसर लागलं, तेव्हा त्याला जाग आली. खरखरीत ओठ त्याच्या बोटांमध्ये दाणे शोधत होते. लहानपणी बाटली संपली की शोधायचे तसेच.

झोप लागली म्हणजे औषध होतंच, असं त्याच्या मनात आलं. मग लक्षात आलं, चणे तर सगळे त्याच्याच पोटात होते. घोडीने आज एक दाणाही खाल्ला नव्हता.

"बाबा," कुंपणाबाहेरून सून हळूच म्हणाली, "लागली ना झोप? सांगायचं का मालकांना?"

म्हाताऱ्याने डोळे मिटलेलेच ठेवले. ते उघडले की घोडी भिंतीकडे जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने हात तसाच उघडा ठेवला आणि हलकेच घोरू लागला.