नीताची सही

नीता गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला तो नोव्हेंबरातला गुरुवार होता. तिच्या सामानाची पिशवी घेऊन तिचा नवरा उल्हास जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या घरी परतला आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात बसून राहिला. तेवढ्यात पिशवीतला तिचा फोन वाजला. मैत्रेयीचा मेसेज होता. 'काकू, हीटिंग बंद पडलंय. नुसते कुडकुडतोय.'

मैत्रेयी आणि तिचा नवरा गुरुदत्त हे नीताचे भाडेकरू. म्युनिकजवळच्या गार्चिंगचा फ्लॅट नीताने लग्नाआधी स्वतःच्या पगारातून घेतला होता आणि त्याचा सगळा कारभार तीच बघायची. आता भाडेकरूही उल्हासच्याच वाट्याला आले होते. त्यांना काय कळवावं ते त्याला सुचेना. 'उद्या माणूस पाठवते,' एवढंच त्याने नीताच्या नावाने लिहिलं. 'थँक यू काकू! जेवलात का?' असं उत्तर आलं.

बाकीच्यांना त्याने हळूहळू कळवलं. या दोघांना मात्र आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. एक घर तरी असं होतं जिथे नीता अजून होती. मैत्रेयीला दिवस गेले, ते तिने काकूंना कळवलं. मळमळतं म्हणाली, तेव्हा काकूंनी आलं चघळायला सांगितलं. पुढे गुरुदत्तला ड्युसेलडॉर्फला नोकरी लागली आणि त्यांनी घर सोडायची नोटीस दिली. 'किल्ल्या घ्यायला काका येतील,' असं काकूंनी लिहिलं.

मार्चअखेरीस उल्हास गार्चिंगला गेला.

"काकू नाही आल्या?" मैत्रेयीने दारातच विचारलं. "मी खोबऱ्याच्या वड्या केल्यात त्यांच्यासाठी."

"तिला प्रवास झेपत नाही हल्ली."

गुरुदत्त त्याला रंगवलेल्या भिंती दाखवत फिरला. "आणि काका, हा ओव्हन बघा. दुकानातसुद्धा एवढा चकचकीत नसेल."

"चार वर्षांत एकदा घासला, त्याचं केवढं कौतुक!" मैत्रेयी म्हणाली.

मीटरचे आकडे लिहून झाले, किल्ल्या मोजून झाल्या. शेवटचं भाडं काकूंच्या खात्यात भरलंय, असं सांगून गुरुदत्तने बँकेचा कागद पुढे केला. डिपॉझिट बँकेत अडकवून ठेवलेलं होतं आणि घरमालकिणीची सही झाल्याशिवाय ते सुटणार नव्हतं.

"काकूंची सही घेऊन पाठवाल ना? बाळाची खोली लावायचीय, तेवढाच आधार."

उल्हासने कागद हातात घेतला, पण खिशात ठेवला नाही.

"थांबा, मीच सांगते काकूंना," मैत्रेयी म्हणाली. "निघण्याआधी तेवढंच बोलणं होईल." आणि तिने फोन लावला.

नीताचा फोन उल्हासच्या कोटात वाजू लागला. मैत्रेयीचा मेसेज चुकू नये म्हणून तो सतत जवळ बाळगायचा.

"अय्या, काकूंचा फोन तुमच्याकडेच राहिला वाटतं!"

हो म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. उल्हासने फोन बाहेर काढला. तो वाजतच होता.

"नीता गेली," तो म्हणाला. "नोव्हेंबरात."

"काहीतरीच काय! परवाच तर त्यांनी मला..."

"ते मी लिहिलं."

"आणि ते आलं चघळायचं?"

"मीच. गाडी लागायची म्हणून ती चघळायची."

मैत्रेयी खिडकीच्या कट्ट्यावर बसली. "काका, आईला नाही सांगितलं ते मी काकूंना सांगितलंय. तुम्ही वाचत होतात? असं कसं केलंत हो?" तिला रडू फुटलं.

"अगं, हळू," गुरुदत्त तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला.

"चुकलं माझं," उल्हास म्हणाला. "तू रोज विचारायचीस, काकू, जेवलात का. हो असं लिहायचं म्हणून मी जेवून घ्यायचो."

मैत्रेयीने डोळे पुसले आणि वड्यांचा डबा त्याच्या हातात दिला. "या तुम्ही खा," ती म्हणाली. जिना उतरताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून नीताच्या फोनवर कुणाचा मेसेज आलेला नाही. सहीचा अधिकार उल्हासला मिळायचा, तर कोर्टातून वारसाचा दाखला आणावा लागेल आणि नीता गेल्याचं बँकेला कळवावं लागेल. त्याने अजून बँकेला कळवलेलं नाही. गुरुदत्तचं डिपॉझिट द्यायचं राहिलं आहे.